शेवटी टेक्सास

१२ एप्रिल, रात्री उशिरा

अमेरिकेतल्या विद्यापीठांना १५ एप्रिलपर्यंत हो की नाही कळवायचं असतं. शिष्यवेतनासह प्रवेश देऊ केला असेल, तर त्याआधी उत्तराची सक्ती करायची नाही, असं तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी आपसात ठरवून घेतलेलं आहे. त्यामुळे इतके दिवस विचार करायला मिळाले. पीएच.डी. कुठे करायची ते आज ठरलं. नेदरलँड्समधलं वागेनिंगन नाही, ऑस्ट्रेलियातलं सिडनी नाही. अमेरिकेतलं टेक्सास.

कुणालाही सांगायला जावं तर पहिला प्रश्न रँकिंगचा. शेतीशास्त्राच्या क्रमवारीत वागेनिंगन वर्षानुवर्षं अगदी वर असतं, मग ते सोडून टेक्सास का? प्रश्न साहजिक आहे. पण क्रमवारी तिथल्या सगळ्या शेतीशास्त्राची मिळून असते, आणि पीएच.डी. एका प्रश्नावर, एका माणसाच्या हाताखाली करायची असते.

माझा प्रश्न आमच्या परभणीकडच्या रानातला आहे. मे महिन्यात आमच्या काळ्या जमिनीला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की पाणी वरून मुरत जायच्या आधीच भेगांतून थेट खाली पळतं. नंतर खड्डा घेऊन बघावं तर वरचा थर ओला, वीतभर खाली ढेकूळ ठणठणीत कोरडं, आणि त्याच्याही खाली पुन्हा ओल. पेरणीसोबत दिलेल्या खतातलं किती या वाटेनं मुळांना चुकवून निघून जातं? पावसाचे दिवस कमी आणि एकेका दिवसाचा पाऊस जास्त, असं होत गेलं तर हे कुठवर जाईल? एम.एस्सी.ला या प्रश्नाचं फक्त टोक हाती लागलं.

वागेनिंगनचा मोह खरा होता. मृदाशास्त्रज्ञ योहान बाउमा यांनी १९७०च्या दशकात नेदरलँड्सच्या भेगाळ चिकणमातीत निळा रंग मिसळलेलं पाणी सोडून ते कुठल्या वाटेनं गेलं हे दाखवलं होतं, आणि पुढे ते त्याच विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचे निबंध मी किती वेळा वाचलेत. पण तिथली पीएच.डी. म्हणजे चार वर्षांची नोकरी असते. पगार, रजा, पेन्शन, सगळं रीतसर. आणि बहुतेक वेळा जाहिरात निघते तेव्हाच प्रकल्प ठरलेला असतो. मला मिळत होता तो खचत चाललेल्या पीट जमिनींचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या जमिनींचा. विषय महत्त्वाचा आहे, त्या देशासाठी तर जिव्हाळ्याचा. माझा नाही. चार वर्षं दुसऱ्याच्या प्रश्नात जीव ओतणं मला जमणार नाही.

सिडनीला नकार देणं जास्त जड गेलं. न्यू साउथ वेल्सच्या नॅराब्राय भागात कापूस अशाच काळ्या मातीत होतो, आणि मार्गदर्शक बाईंचं प्रत्येक उत्तर मन लावून लिहिलेलं. साडेतीन वर्षांत काम संपतं, वर्गात फारसं बसायचं नसतं, प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. अडलं ते गणितापाशी. मातीतल्या पाण्याच्या हालचालीचं रिचर्ड्सचं समीकरण १९३१ सालचं. ते मला वाचता येतं, सोडवता येत नाही. आणि भेगा आल्या की ते एकटं पुरतही नाही. आमच्या कृषी पदवीत संख्याशास्त्र भरपूर होतं, गणित जेमतेम. टेक्सासमध्ये पाच वर्षं लागतील, पण पहिली दोनेक वर्षं वर्गात बसून हे पक्कं करता येईल. बाकीचे ज्याला उशीर म्हणतात तोच मला हवा आहे.

आणि तिथली माती! टेक्सासमधल्या काळ्या मातीचं नाव ह्यूस्टन ब्लॅक. वेको शहराजवळ रीझल गावी अमेरिकी कृषी खात्याची छोटी छोटी पाणलोट क्षेत्रं आहेत, तिथे १९३०च्या दशकापासून पाऊस आणि वाहून जाणारं पाणी मोजत आलेत. एवढी लांब नोंद असलेली काळी जमीन जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. व्हिडिओ कॉलवर तिथल्या मार्गदर्शक सरांनी एक ढेकूळ हातात घेऊन फोडलं आणि आतली बाजू कॅमेऱ्यासमोर धरली. गुळगुळीत, तिरपी, घासून चकाकी आलेली. माती फुगताना थरावर थर घसरतो, त्याची ती खूण. विहीर खोदताना आमच्याकडे अगदी असाच चकाकता काप निघतो. मी खुर्चीतून उठलेच.

धोका आहे, तो नजरेआड करत नाही. २०२५पासून अमेरिकेत संशोधनाच्या सरकारी अनुदानांना कात्री लागली आहे. म्हणून सरांना सरळच विचारलं, माझे पैसे कुठल्या अनुदानातून, ते संपलं तर काय? त्यांनी दोन वर्षांचं लेखी दिलं आणि पुढे शिकवण्याच्या कामातून विभाग सोय करतो, ते किती खात्रीचं आहे हेही न लपवता सांगितलं. त्यांच्या विद्यार्थ्यांशी मी वेगळं बोलले. प्रबंधाचा मसुदा किती दिवसांत वाचून परत येतो, मध्येच सोडून कोण गेलं, का गेलं. जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकानं हे विचारावं. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात यातलं काहीच नसतं.

संध्याकाळी आबांना फोन केला.

"तिकडं बी जमीन उलते का?"

"उलते आबा. आपल्यासारखीच."

"मग माय, इथलीच बघ की. एवढ्या लांब कशाला?"

त्यांना सांगितलं की तिथे ऐंशीहून जास्त वर्षांच्या पाण्याचा हिशेब लिहिलेला आहे. तो कसा मांडतात ते शिकायचं, आणि मग इथलं मोजायचं. आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, वरच्या पट्टीतली जमीन तुझ्यासाठी ठेवतो, यंदापासून तिथं नांगर घालत नाही. मोजणीसाठी न नांगरलेला तुकडा लागेल, हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं.

परदेशातली माती अमेरिकेत न्यायला त्यांच्या कृषी खात्याचा परवाना लागतो. सरांना होकाराची मेल पाठवतानाच त्याचं विचारून ठेवलं आहे. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मी नमुने घ्यायला येईन, मृगाच्या आधी.