आधी गोळी कुणी झाडली?

शनिवार

'स्टार वॉर्स'च्या चाहत्यांचं जुनं भांडण, म्हणजे ग्रीडो प्रकरण, शेवटी आमच्याही घरात शिरलं. भाचीने दुपारी ओटीटीवर 'स्टार वॉर्स' पाहिला आणि विचारलं, "आत्या, तो हिरवा मरायच्या आधी 'मॅक्लंकी' असं काय म्हणतो?" मी उत्तर द्यायच्या आत दादा स्वयंपाकघरातून ओरडला, "तो काहीही म्हणत नाही! आणि त्याला गोळी झाडायला वेळही मिळत नाही!"

दोघंही बरोबर. १९७७ साली थिएटरात लागलेल्या चित्रपटात हान सोलो टेबलाखाली गुपचूप ब्लास्टर काढतो आणि त्याला पकडायला आलेल्या, समोर बसलेल्या ग्रीडो या हिरव्या सुपारीबाजाला उडवतो. विषय संपला. १९९७ मध्ये, विसाव्या वर्षाचं निमित्त साधून, जॉर्ज लुकासने 'स्पेशल एडिशन' आणली. तिच्यात आधी ग्रीडो गोळी झाडतो, तीही टेबलाच्या पलीकडून, आणि एवढ्या जवळून त्याचा नेम चुकतो! २००४ च्या डीव्हीडीत दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकाच क्षणी सुटतात. २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर आलेल्या प्रतीत ग्रीडोच्या तोंडी ते 'मॅक्लंकी' घातलं. काही सेकंदांचा प्रसंग, इतक्या दुरुस्त्या, आणि अजून तो पहिल्याइतका सरळ झालेला नाही.

ज्यांना हे सगळं पोरकट वाटतं त्यांनी हानकडे बघावं. कर्जात बुडालेला स्मगलर. पैसे घेऊन निघून गेलेला हा माणूस शेवटच्या लढाईत परत येतो आणि नायक ल्यूकच्या मागे लागलेल्या खलनायक व्हेडरला हटवतो, त्या क्षणी थिएटरात शिट्ट्या पडतात त्या का? कारण सुरुवातीला आपण त्याला थंड डोक्याने जीव घेताना पाहिलेलं असतं. आधी समोरच्याने झाडली म्हटलं की तो बिचारा स्वतःला वाचवणारा सज्जन ठरतो. मग सज्जन माणूस परत आला यात नवल ते काय?

लहानपणी जे पाहिलं तेच चाहत्यांना खरं वाटतं, असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत हे लागू पडत नाही. मी आधी पाहिली ती १९९७ चीच आवृत्ती, कॉलेजात असताना, होस्टेलवर, दोन व्हीसीडींवर. ऐन रंगात आलं की उठून डिस्क बदलायची. म्हणजे माझा जीव त्या आवृत्तीवर असायला हवा. जुनी प्रत नंतर बघायला मिळाली आणि तीच जास्त आवडली. तिच्यात आठवणींचा वाटा शून्य.

रविवार

दादाला १९७७ चाच हवा असतो, पण वाद घालायचा म्हटलं की तो लुकासच्या बाजूला जाऊन बसतो. सकाळी चहाला म्हणाला, "सिनेमा त्याचा, पैसे त्याचे. 'सौभद्र' करताना आपण पदं कापतोच ना? तेव्हा कोणी किर्लोस्करांच्या नावाने गळा काढत नाही." उदाहरण बिनतोड वाटतं खरं. पण 'सौभद्र'ची पूर्ण संहिता छापलेली आहे, कोणीही उद्या सगळी पदं घेऊन रात्रभर प्रयोग लावू शकतो. लुकासने नवी आवृत्ती काढली यावर माझं काहीच म्हणणं नाही. त्याने जुनी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली, हे मला पटत नाही. १९९७ साठी मूळ निगेटिव्हच उलगडून त्यात नवे तुकडे जोडले होते. थिएटरातली मूळ प्रत २००६ मध्ये डीव्हीडीवर दिली तीसुद्धा जादा डिस्क म्हणून, १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या मास्टरवरून. मोठ्या टीव्हीवर चित्र चारी बाजूंनी काळ्या पट्ट्यांत अडकलेलं दिसतं. देणाऱ्याने नाक मुरडत दिलं की घेणाऱ्याला कळतंच.

आणि 'त्याचा' म्हणजे नेमका कोणाचा? इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं ते जॉन डायक्स्ट्रा, रिचर्ड एडलंड, ग्रँट मॅक्यून, रॉबर्ट ब्लॅलॅक आणि जॉन स्टीअर्स यांना. छोटी छोटी मॉडेल्स आणि संगणकाने हलवलेला कॅमेरा, असं ते काम होतं. त्यातली बरीच दृश्यं १९९७ मध्ये संगणकावर नव्याने केली. ज्या कामाला बक्षीस मिळालं तेच आता चित्रपटात धड दिसत नाही. संकलनाचं ऑस्कर पॉल हर्ष, मार्शा लुकास आणि रिचर्ड च्यू यांचं. हान ज्याचं कर्ज लागतो त्या जब्बा नावाच्या गुंडाचा गोदीतला प्रसंग १९७७ मध्ये गळला आणि जब्बाच्या कर्जाची माहिती ग्रीडोच्या तोंडून आली. १९९७ मध्ये तो प्रसंग परत आणला, जाडजूड माणसाच्या जागी संगणकावरचा जब्बा बसवून. आता हान तेच रडगाणं दोनदा गातो, माझ्या जहाजाची झडती झाली तर मी काय करणार म्हणून. ग्रीडोपुढे एकदा आणि थोड्याच वेळाने जब्बापुढे एकदा. वर त्याला जब्बाच्या शेपटीवर पाय देऊन चालवलंय, कारण मूळ चित्रीकरणात तो त्या माणसाला मागून वळसा घालतो आणि तिथे आता शेपूट आली! तिसऱ्या भागापर्यंत ज्या जब्बाचं फक्त नाव ऐकायचं, तो असा पहिल्याच भागात येऊन बसला.

हाच लुकास १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष द्यायला गेला होता. जुने कृष्णधवल चित्रपट रंगवून विकायचा धंदा तेव्हा जोरात होता आणि त्याविरुद्ध तो पोटतिडकीने बोलला. चित्रपट हा समाजाचा ठेवा आहे, पुढच्या पिढ्यांना तो मूळ रूपात मिळाला पाहिजे, असा एकूण सूर. मी दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "तो दुसऱ्यांच्या सिनेमांबद्दल बोलत होता." वकील व्हायला हवा होता हा.

रविवार, रात्री

सगळंच मोडीत काढू नये. दुसऱ्या भागात बर्फावरच्या लढाईत स्नोस्पीडर या छोट्या यानाच्या आत बसल्यावर कॉकपिटच्या चौकटीतून पलीकडचं दिसायचं, ते १९९७ मध्ये नीट केलं. छान केलं. तिसऱ्या भागाच्या शेवटी इवॉक्स या अस्वलासारख्या जीवांचं 'यब नब' गाणं काढून जॉन विल्यम्सची नवी धून घातली आणि ग्रहाग्रहांवरचा जल्लोष दाखवला. जुन्या चाहत्यांनी मला वाळीत टाकलं तरी चालेल, मला ती नवी धूनच आवडते. साम्राज्य पडलं हे फक्त त्या अस्वलांनाच कळलंय असं आधी वाटायचं.

पण त्याच शेवटात २००४ मध्ये व्हेडरचं, म्हणजे ल्यूकच्या मेलेल्या बापाचं, भूत म्हणून म्हाताऱ्या सेबॅस्टियन शॉच्या जागी तरुण हेडन क्रिस्टेन्सनला उभं केलं. ज्या म्हाताऱ्याने मुखवटा काढल्यावर मुलाकडे पाहिलं, ज्याच्यासाठी आपल्या डोळ्यांत पाणी आलं, तो गेला कुठे? ल्यूकने तर बापाचं हे तरुण तोंड कधी पाहिलेलंच नाही. आणि २०११ च्या ब्लू-रेमध्ये व्हेडर सम्राटाला उचलताना 'नोऽऽ' करून ओरडतो. इतकी वर्षं तो काही न बोलता उचलायचा आणि त्याच्या मनात काय चाललंय ते पोरासोरांनाही कळायचं.

मंगळवार

ऑफिसातून येताना दादाचा फोन. त्याचं पहिलं प्रेम 'स्टार ट्रेक'. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं. मी तेव्हा फारच लहान, मला फक्त त्यातल्या स्पॉकचे टोकदार कान आठवतात.

त्या मालिकेच्या मालकांनी २००६ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, जुन्या भागांतलं यान, ग्रह, अवकाशातली दृश्यं, सगळं संगणकावर नव्याने केलं. म्हणजे लुकासने केलं तेच. पण पुढे ब्लू-रे काढताना रिमोटवर सोय ठेवली, जुने इफेक्ट्स हवेत की नवे. एक बटण! त्यावरून कोणाची डोकी फुटली नाहीत. दादा जुन्या इफेक्ट्सनी बघतो, वहिनी नव्यांनी, संसार सुरळीत चाललाय.

'नेक्स्ट जनरेशन' या 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या मालिकेचं तर याहून सरस झालं. चित्रीकरण ३५ मिमी फिल्मवर, पण संकलन आणि इफेक्ट्स त्या काळच्या व्हिडिओवर, त्यामुळे चित्र कायम धुरकट. २०१२ पासून ब्लू-रेसाठी मूळ फिल्मची रिळं बाहेर काढून भाग पुन्हा पहिल्यापासून जोडले आणि शक्य तिथे यानाच्या मॉडेलचं जुनंच चित्रीकरण वापरलं. ज्याने १९८७ मध्ये ते मॉडेल दिवे लावून टिपलं त्याचंच काम आता लख्ख दिसतं. हे फार खर्चाचं काम, आणि तिच्यानंतरच्या 'डीप स्पेस नाइन'च्या वाट्याला ते आलंच नाही.

गुरुवार

स्पीलबर्गबद्दल दोन ओळी. 'ई.टी.'च्या २००२ च्या आवृत्तीत पोलिसांच्या हातातल्या बंदुका पुसून वॉकीटॉकी दिले. मुलं सायकलवरून जीव खाऊन पळताहेत आणि मागे लागलेत ते वॉकीटॉकीवाले! पुढे त्याने स्वतःच पश्चात्ताप झाल्याचं सांगितलं आणि २०१२ च्या ब्लू-रेमध्ये १९८२ ची बंदुकांसकटची प्रत दिली. 'क्लोज एन्काउंटर्स'मध्येही त्याने असंच केलं. १९८० मध्ये स्टुडिओच्या आग्रहाखातर परग्रहींच्या यानाचं आतलं दर्शन घडवलं, १९९८ मध्ये ते काढून टाकलं. नुसत्या दिव्यांनी जे व्हायचं ते झालेलं होतं, आत डोकवायची गरजच नव्हती.

शुक्रवार

चाहतेही काही कमी नाहीत. १९९९ चा 'द फँटम मेनेस' (कथेच्या क्रमाने पहिला भाग) आवडला नाही म्हणून २००१ मध्ये एकाने तो घरीच कापून, जार जार बिंक्स या विदूषकी पात्राला आवर घालून, 'फँटम एडिट' नावाने फिरवला. शुद्धतेच्या नावाने बोंब मारणारे त्यावर खूश! त्यात मीही आले. पण त्याच्या कात्रीने थिएटरातली प्रत कुठे गेली नाही, एवढा फरक आहे. दुसरीकडे काही जणांनी १९७७ च्या जुन्या ३५ मिमी प्रिंट मिळवल्या, स्कॅन केल्या, धूळ आणि ओरखडे एकेका फ्रेमवरून काढले. कायद्याच्या दृष्टीने तो मामला जरा नाजूक आहे. मालकाने करायचं काम गिऱ्हाईक फुकट करतंय म्हटल्यावर आणखी काय होणार? जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने (बीएफआय) महोत्सवात १९७७ ची खरीखुरी प्रिंट पडद्यावर लावली. आपण पडलो इथे, नाहीतर रात्रभर रांगेत उभी राहिले असते.

ओटीटीवर मात्र बदल झाला हेसुद्धा कळत नाही. 'स्टार वॉर्स'च्याच 'मँडलोरियन' मालिकेच्या एका भागात मागे जीन्स घातलेला कोणी कर्मचारी दिसत होता. लोकांनी त्याची भरपूर मजा केली, आणि मग एके दिवशी तो तिथून नाहीसा झाला. डिस्क असती तर माझ्याकडे राहिला असता. तसा त्याचा उपयोग काहीच नव्हता म्हणा.

शनिवार

दादाकडे 'ब्लेड रनर'. २००७ च्या त्या मोठ्या संचात पाच आवृत्त्या आहेत: वर्कप्रिंट म्हणजे कच्ची प्रत, १९८२ च्या अमेरिकेतली आणि अमेरिकेबाहेरची, १९९२ चा डायरेक्टर्स कट, आणि फायनल कट. रिडली स्कॉटने डाव्या-उजव्या हाताचं सगळं समोर मांडलं. माझं मत फायनल कटला. हॅरिसन फोर्डचं ते कंटाळलेलं निवेदन नाही, 'द शायनिंग'साठी हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या आणि न वापरलेल्या दृश्यांचा गोडगोड शेवट नाही, काचा फोडत पळणाऱ्या झोरा या पात्राच्या जागी भलतीच बाई दिसत नाही. फक्त रंग जरा जास्तच हिरवट केलेत.

दादाला निवेदनासकटच हवा. ते मी समजू शकते, त्याने व्हीएचएसवर तोच पाहिला होता. त्याचा खरा राग वेगळाच निघाला. मूळ चित्रपटात पोलिसप्रमुख ब्रायंट नायक डेकर्डला (म्हणजे फोर्डला) सांगतो की सहा रेप्लिकंट, म्हणजे माणसासारखे बनवलेले कृत्रिम जीव, निसटले, एक विजेच्या धक्क्याने मेला. उरले पाच. पण शोधायचे असतात चारच. पटकथेतून एक पात्र कापलं गेलं आणि संवाद तसाच राहिला, एवढंच कारण. त्यावरून चाहत्यांनी पंचवीस वर्षं तर्क लढवले, पाचवा म्हणजे खुद्द डेकर्डच, वगैरे. फायनल कटमध्ये 'एक'चे 'दोन' केले आणि हिशेब जुळवून टाकला.

"मूर्खपणा," दादा म्हणाला. "इतकी सुंदर चूक कोणी सुधारतं का?"

मी म्हटलं की डेकर्डला पडणारं शिंगवाल्या घोड्याचं स्वप्न आहे की अजून, त्याला रेप्लिकंट ठरवायला तेवढं पुरे. स्कॉट स्वतः तसं म्हणतो. "आणि फोर्ड म्हणायचा तो माणूस आहे," दादा. मग वहिनीने जेवायला हाक मारेपर्यंत तेच.