बाप कोणता, ते आधी सांगा

फुटबॉलचा विषय निघाला की मला एक प्रश्न ठरलेला असतो: ‘मोठ्या खेळाडूंची मुलं बापाएवढी का होत नाहीत हो?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. होतात की! फक्त बाप कोणता, ते आधी बघावं लागतं.

बाप पेले किंवा झिदान असेल, तर सोडून द्या. पेलेचा मुलगा एदिन्यो बापाच्याच सांतोस क्लबकडून खेळला, पण गोलरक्षक म्हणून. झिदानचे चारही मुलगे रेआल माद्रिदच्या अकादमीत वाढले. थोरला एन्झो २०१६ मध्ये मुख्य संघाकडून एकच सामना खेळला आणि त्यात त्यानं गोलही केला. दुसरा, लुका, गोलरक्षक! गोलात उभं राहिलं की बापाशी तुलना जरा कमी होत असावी, असा माझा आपला तर्क.

मला खरी हळहळ वाटते ती जॉर्डी क्रायफची. बाप योहान, तीन वेळा बॅलन डी’ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकलेला. पोरगा पाठीवर आडनावाऐवजी नुसतं ‘जॉर्डी’ लावून खेळायचा. २००१ चा यूएफा चषकाचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या एका स्पर्धेचा, अंतिम सामना डॉर्टमुंडला झाला. समोर लिव्हरपूल, आणि हा स्पेनच्या आलावेस नावाच्या छोट्याशा क्लबात. आलावेस ४-३ नं मागे, सामना संपत आलेला. तेवढ्यात कॉर्नर आला आणि जॉर्डीनं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला. ४-४! पुढे जादा वेळेत आलावेसनं स्वतःवरच गोल करून घेतला आणि चषक गेला, ते सोडा. बार्सिलोना, मँचेस्टर युनायटेड, नेदरलँड्सचा राष्ट्रीय संघ, वर हा गोल. दुसऱ्या कुणाच्या मुलानं एवढं केलं असतं, तर घराण्याचं नाव काढलं म्हणाले असते.

आता बाप मध्यम दर्जाचा घ्या. आल्फी हालांड लीड्स आणि मँचेस्टर सिटीकडून खेळलेला, चांगला पण चारचौघांसारखा. मुलगा एर्लिंगनं सिटीकडूनच २०२२-२३ च्या प्रीमियर लीगमध्ये ३६ गोल ठोकले. कार्लेस बुस्केट्स बार्सिलोनाचा गोलरक्षक. मुलगा सेर्जिओ मधल्या फळीत खेळून विश्वविजेता झाला. अशा घरात धंद्यातल्या खाचाखोचा जेवता जेवता कानावर पडतात: दुखापत कशी सांभाळायची, बाकावर बसावं लागलं तर डोकं कसं शांत ठेवायचं. आणि ओलांडायची उंचीही आवाक्यातली असते. सर्वोच्च खेळाडू घडायला शरीर, प्रशिक्षक, संघ, नशीब असं सगळं एकाच वेळी जुळावं लागतं. ते एकाच घरात दोनदा कसं जुळायचं?

मालदिनींच्या घरात जुळलं, हे कबूल. बाप चेझारेनं १९६३ मध्ये आणि मुलगा पाओलोनं २००३ मध्ये, दोघांनीही एसी मिलान क्लबचे कर्णधार म्हणून युरोपातल्या क्लबांचा सर्वोच्च चषक उचलला. पण बघा, इथेही बापापेक्षा मोठा झाला तो मुलगाच. नातू दानिएल २०२४ मध्ये इटलीकडून खेळला खरा, पण पाओलोची सर त्याला येईलसं मला वाटत नाही.

आणि ‘बापाएवढा’ हे मोजायचं तरी कशानं? जॉर्ज विआ १९९५ चा बॅलन डी’ऑर विजेता, पण त्याचा देश लायबेरिया कधी पात्रच न ठरल्यानं त्याला विश्वचषकात खेळायलाच मिळालं नाही. मुलगा टिमथी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण २०२२ च्या विश्वचषकात अमेरिकेकडून वेल्सविरुद्ध गोल केला तो टिमथीनं.