आवर्तनाच्या आदल्या संध्याकाळी

गिरणा नदीत आवर्तन सुटलं, म्हणजे धरणातून ठरलेलं पाणी सोडलं, की आमची झोप उडते. धरण तिकडे नांदगाव तालुक्यात, पिण्याचं पाणी पोचवायचं पार जळगावकडच्या कानळद्यापर्यंत, आणि मधलं सगळं पात्र मे महिन्यात तव्यासारखं तापलेलं. पहिलं पाणी वाळूच पिते. काठावरच्या मोटारींची वीज बंद करायची, बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या आणि पाण्याच्या पुढे पुढे पायी चालायचं, कुणी आडवा बांध घातलाय का, पाइप टाकलाय का ते बघत. काही जण पुलावर गाडी उभी करून पाहणी उरकतात. मला ते पटत नाही. पुलावरून नदी दिसते, पाणी कुठे मुरतंय ते दिसत नाही. त्यात वाळू उपसून केलेले खड्डे. ते भरल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही, आणि खालच्या गावांतल्या बाया हंडे घेऊन वाट बघत असतात. या वाळूचोरीबद्दल मी कितीही बोललो तरी कमीच आहे.

त्या दिवशी पाणी बांभोरी पुलाच्या वरच्या अंगाला होतं, पहाटेपर्यंत पुलाखाली येईल असा अंदाज होता. मी पुलाच्या खालच्या अंगाला चालत होतो. एका डबक्यावर नदी सुरय पक्षी सूर मारत होता, पलीकडे लांब पायांच्या चार शेकाट्या. आणि डोक्यावर टिटवी ओरडायला लागली. ती अशी खाली येऊन अंगावर झेपावते तेव्हा अंडी जवळच असतात.

टरबुजाच्या वाडीवरचे बाबा म्हणाले, "औंदा टिटवीना अंडा खाले शेतस, पानी कमी पडी."

खरंच खाली होती. पाणी ज्या वाटेने येणार त्याच उथळ घळीत, चार अंडी, निमुळती टोकं आत केलेली, भोवती खडे आणि शेळीच्या सुकलेल्या लेंड्या. मी बाभळीखाली मागे सरकलो तशी मादी डबक्यात उतरली, पोटाची पिसं भिजवली आणि येऊन अंड्यांवर बसली. अंडी उकडू नयेत म्हणून ती दिवसभर हेच करते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात!

पावसाचा तिचा अंदाज काय असेल तो असो, पण जून लागेपर्यंत आभाळातून पाणी येत नाही हे तिला बरोबर कळत होतं. हे पाणी आभाळातून येणार नव्हतं, आदेशाने येणार होतं, आणि तो आदेश आठ दिवसांपासून माझ्या पिशवीत होता.

ओळखीच्या वनरक्षकाला फोन लावला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याची अंडी, घरटं यांना त्रास देणं हे शिकारीतच मोजतात, त्यामुळे मनाने हात लावायची माझी तयारी नव्हती. तो लांब होता. म्हणाला, "मी येईपर्यंत पाणी येईल. मी इकडे नोंद करतो. एकदम उचलून नेऊ नका, सरकवत सरकवत न्या."

मग तसंच केलं. चार हात वर टाचेने खळगा केला, जुने खडे, लेंड्या त्यात मांडल्या, अंडी तशीच टोकं आत करून ठेवली आणि बाभळीखाली जाऊन बसलो. मादी जुन्या जागी गेली, उभी राहिली, मान वाकडी करून बघितलं. बारा मिनिटांनी नव्या खळग्यात बसली. दुसऱ्यांदा वीस मिनिटं लागली. तिसऱ्यांदा हलवलं तेव्हा अंधार पडत आला होता, आणि ती येईचना. माझे हात थरथरत होते. शेवटी सांजेच्या उजेडात तिची काळी मान खळग्यावर दिसली तेव्हा मी उठलो.

पहाटे पाणी आलं. ते लाटेसारखं येत नाही. फेस, काड्या, प्लॅस्टिक पुढे ढकलत, सळसळत येतं. वाळूतून बुडबुडे निघतात, मुंग्या, किडे पळत सुटतात, आणि त्यांना टिपत गायबगळे पाण्याच्या पुढे चालतात. पाणी टिटवीपासून वीतभर अंतरावर थांबलं. ती हलली नाही.

मी आनंदात होतो. तेवढ्यात "पिऊ, पिऊ" ऐकू आलं. आदल्या संध्याकाळीही हा आवाज मी ऐकला होता, डबक्यापाशी चरत असतील म्हणून सोडून दिला होता. कंठेरी चिखल्या या छोट्या पक्ष्यांची जोडी. पाण्याच्या कडेने दोघं चार पावलं पळायची, थांबायची, पाण्याकडे बघायची, परत पळायची. एकाच जागी. बाभळीच्या सरळ समोर, जिथून मी तीनदा ये-जा केली त्या वाटेच्या बाजूला. त्यांची अंडी वाळूच्याच रंगाची, बारीक ठिपक्यांची, घरटं म्हणजे नुसता दबलेला खळगा. मी हाताच्या अंतरावरून गेलो असेन.

सहा दिवसांनी गेलो तेव्हा टिटवीचा खळगा रिकामा होता, आणि नर-मादी दोघंही जीव तोडून ओरडत माझ्या डोक्यावर घिरट्या घालत होती. पिल्लं गवतात दबून बसली असणार, म्हणून मी पुढे गेलो नाही. चिखल्या दिसल्या नाहीत.

मोजवहीत पाणी पोचल्याची वेळ लिहिली आहे, पहाटे ५.४०. पुढच्या आवर्तनाआधी दोन दिवस मला पात्र चालून बघू द्या, असा अर्ज वरिष्ठांकडे दिलाय. उत्तर अजून आलेलं नाही.