शिवणाच्या बाई आणि माझ्या दोन डाव्या बाह्या

शाळेचं पत्र आलं तेव्हा मी मशीनवरच बसले होते, शेजारच्या वहिनींच्या ब्लाउजला गळपट्टी लावत. स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा म्हणे. गॅदरिंग, मैदान, गणिताचे सर हे सगळं बाकीचे लिहितीलच, मी फक्त शिवणाच्या बाईंबद्दल लिहिणार आहे, कारण आज माझं घर ज्या कामावर चालतं ते त्यांनी शिकवलंय.

मी 1987 च्या दहावीची. मागच्या इमारतीतली ती शिवणखोली, तीन पायमशीन, त्यातलं खिडकीजवळचं कायम रुसलेलं, आणि शुक्रवारचे शेवटचे दोन तास. आमच्या बॅचला वेगळं सांगायला नको.

नववीत मी धाकट्या बहिणीसाठी परकर-पोलकं शिवायला घेतलं. आईने दिवाळीसाठी अगदी बेताचं कापड आणलेलं, पिवळ्यावर लाल फुलांचं पॉपलीन. मी बाहीचा कागद ठेवला, एक बाही कापली, तोच कागद तसाच उचलून पुढे ठेवला आणि दुसरी कापली. जोडायला गेले तर दोन्ही बाह्या डाव्या! बाहीला पुढच्या बाजूने खोलवा, म्हणजे आत घेतलेली गोलाई, जास्त असतो ना, आणि कापड छापील, म्हणजे उलटी करून लावायचीही सोय नाही. तशीच लावली असती तर हात वर केला की काखेत ओढलं असतं आणि पुढे चोळ पडला असता. उरले होते नुसते तुकडे. आईला काय सांगू या विचाराने माझे हातपाय गार पडले.

बाई एक शब्द बोलल्या नाहीत. सगळे तुकडे टेबलावर पसरायला लावले, प्रत्येकावर उभा धागा, म्हणजे कापडाच्या लांबीचा, कुठला ते माझ्याकडूनच खडूने काढून घेतलं, आणि मग दोन तुकडे असे जुळवले की जोड बरोबर काखेखाली आला. फुलंसुद्धा जुळवली. जोडाला पाव इंच माया, म्हणजे टिपेबाहेरचं जादा कापड, ती दोन्हीकडे उघडून इस्त्री, आणि इस्त्री कोळशाची, ती शिपाईमामांकडून पेटवून आणली तोवर शाळा सुटून गेली होती तरी बाई थांबल्या. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी मला जुनी वर्तमानपत्रं दिली, एका बाजूला पेनाने ‘सु’ लिहायला लावलं, म्हणजे सुलट, आणि सुलट बाजू समोरासमोर ठेवून दुमडायची आणि दोन्ही बाह्या एकदम कापायच्या हे दहा वेळा करून घेतलं. तेही वेगळ्या कात्रीने हं, कापडाची कात्री कागदाला लावलेली बाईंना अजिबात चालायची नाही, धार जाते. त्या दिवसापासून आजपर्यंत माझी बाही चुकलेली नाही.

मशीनचंही तसंच. टिपेखाली दोऱ्याचे झुपके यायला लागले की आम्ही सगळ्या बॉबिनशी झटापट करायचो. बाई म्हणायच्या, खाली झुपके आले तर चूक वर शोध. मशीनचा पाय, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरतो तो, वर उचलायचा, वरचा दोरा पूर्ण काढायचा आणि पहिल्यापासून ओवायचा, कारण पाय खाली असताना ओवलं तर दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसतच नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायका आठवड्यातून एकदा तरी मशीन बिघडलं म्हणून हाक मारतात आणि दहातल्या आठ वेळा एवढंच निघतं. सुईचंही बाईंनी डोक्यात बसवलं होतं, ब्लाउजच्या पातळ टू बाय टू रुबियाला 11 नंबर, पॉपलीनला 14, जीन्सला 16, आणि सुई तुटायची वाट बघायची नाही, टाके सुटायला लागले की बदलायची.

अस्तर आणि साडीचा फॉल मी आजही रात्रभर भिजवते, वाळवून इस्त्री करते आणि मगच हात लावते. गिऱ्हाईक घाई करतं, ताई उद्याच पाहिजे म्हणतं, मी नाही ऐकत. न भिजवता लावलेला फॉल पहिल्या धुण्यात आकसतो आणि साडीचा काठ गोळा होतो, मग नवी साडी असून काय उपयोग. गळ्याच्या गोलाईला पट्टी उलटवायच्या आधी छोटे छोटे कात्रे द्यायचे आणि टिपेच्या एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, अलीकडे थांबायचं, हेही त्यांचंच. मी आत्तापर्यंत 60 च्या वर बायकांना शिवण शिकवलंय, त्यातल्या कितीतरी जणी आता स्वतः ब्लाउज शिवून कमावतात. बाईंचा परिवार केवढा वाढलाय बघा.

मागच्या वर्षी शाळेत आले होते. शिवणखोलीत आता कॉम्प्युटर आहेत. कॉम्प्युटर हवेतच, माझी मुलगी त्यावरच नोकरी करते, पण तिला साधं बटण लावता येत नाही आणि ते मला लागतं. त्या खोलीतला एक कोपरा परत शिवणाला मिळाला तर माझं जुनं पायमशीन मी शाळेला देईन, तेलपाणी करून, चालू स्थितीत. शुक्रवारी दोन तास येऊन शिकवायचीही तयारी आहे.

बाई आता ऐंशीच्या पुढे असतील. समारंभाला त्या येणार असतील तर मला आधी कळवा. ते पिवळं पोलकं बहिणीने अजून ट्रंकेत जपून ठेवलंय, ते मी घेऊन येणार आहे, बाईंना काखेतला जोड दाखवायचाय. अजून एक टाकाही उसवलेला नाही.