खासबागेच्या पायऱ्यांवर अल्लादिया खाँ

"देवल क्लब? अवो, खासबाग म्हणा की सरळ!" रिक्षावाल्यानं मीटर पाडता पाडता माझी शाळा घेतली. त्याचंही बरोबरच. कोल्हापुरात गाणं आणि कुस्ती एकाच वळणावर उतरतात. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान आणि पॅलेस थिएटर पाठीला पाठ लावून बांधून घेतलं. थिएटरला पुढं केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते आगीत जळालं. मी गेलो तेव्हा पत्र्याआड काम चालू होतं. आत डोकावू दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर फार धीरही झाला नाही.

मी आलो होतो ते जयपूर-अत्रौली घराण्याचे मूळ पुरुष, गायक अल्लादिया खाँसाहेबांसाठी. जन्म 1855 चा, जयपूरजवळच्या उणियाऱ्याचा. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी ठेवून घेतलं आणि 1922 साली महाराज जाईपर्यंत खाँसाहेब कोल्हापूरचेच होते. त्यानंतर मुंबई, आणि तिथंच 1946 मध्ये अखेर. देवल क्लबजवळ त्यांचा पुतळा आहे. गाण्याचा हा क्लबही जुना, 1883 पासूनचा. पुतळ्यापाशी उभ्या असलेल्या दोन कॉलेजच्या पोरांना विचारलं, "हे कोण?" एक म्हणाला, "गाणारं हुतं कोणतरी मोठं." चला, निम्मं उत्तर तरी आलं!

पण गाणारे खाँसाहेब आपल्याला ऐकायला मिळतच नाहीत. त्यांनी ध्वनिमुद्रिका केली नाही. आपल्या हाती आहे तो रचनाकार, 'अहमदपिया' या नावानं बंदिशी बांधणारा, अनवट, म्हणजे क्वचितच गायल्या जाणाऱ्या रागांना गाता येईल असा चेहरा देणारा. मला वाटतं, त्यांची ही बाजू आपल्याकडं फार कमी बोलली जाते. घराण्याचा मूळ पुरुष म्हणायचं, हार घालायचा आणि मोकळं व्हायचं.

त्यातली खरी गोष्ट आवाज बसल्याची. तरुणपणी आमलेटा संस्थानात यजमानाच्या हौसेपायी इतकं गावं लागलं की गळा गेला. परत आला तो पूर्वीचा राहिला नव्हता. दुसरा कोणी शिकवण्या धरून बसला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या गळ्याला झेपेल असं गाणं नव्यानं घडवलं. विलंबित म्हणजे संथ लय, खुल्या गळ्याचा 'आ'कार, मात्रेच्या पोटात शिरून वळणं घेत जाणारी पेचदार तान, आणि एवढा फेरा घालूनही सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, अशी येते की वाटावं, हिला दुसरीकडं जायचंच नव्हतं.

दुपारी खासबागेच्या पायऱ्यांवर बसलो. खाली हौद्यात एक म्हातारे वस्ताद फावड्यानं तांबडी माती वरखाली करत होते. ढेकूळ सापडलं की वाकून बोटांनी फोडायचे, मग पुढं. कानात खाँसाहेबांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर लावल्या, नंतर त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकर, राग संपूर्ण मालकंस. नेहमीच्या मालकंसात रिषभ-पंचम हे स्वर नसतात. इथं दोन्ही येतात, तरी मालकंस हलत नाही. पंचम आला की दर वेळी मी दचकतो. हे धाडस पचवायला कागदावरचं व्याकरण पुरत नाही, मेहनत लागते. समोर तेच चाललं होतं म्हणा.

खाँसाहेबांच्या शिष्यांची नावं घेतली तरी थक्क व्हायला होतं. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई. भास्करबुवांनी पुढं 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना चाली दिल्या, म्हणजे नाट्यगीतं ऐकत वाढलेल्या आपल्या आज्या-पणज्यांच्या कानावर या गायकीचा थोडा शिडकावा झालाच.

जेवण उरकलं. तांबड्या-पांढऱ्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलंय.

खाँसाहेब मुंबईला गेले म्हणून कोल्हापुरातली तालीम काही थांबली नाही. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ इथं शिकवत राहिले. 1937 मध्ये थोरले बंधू मंजी खाँ अकाली गेले, तेव्हा त्यांच्याकडं शिकणारे धारवाडचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर भुर्जी खाँकडं आले. कोल्हापूरच्या गायिका धोंडूताई कुलकर्णीही भुर्जी खाँच्याच शिष्या. उणियाऱ्याची विद्या कोल्हापूरमार्गे धारवाडला पोचली ती अशी. धारवाडला मन्सूरांचं घर स्मारक म्हणून जपलंय आणि इथून ते फार लांबही नाही. पुढची खेप तिकडंच.