डावा क्रँक निघाला : सतरा दिवसांची नोंद

रविवारी दुपारी सायकलचा अडकलेला डावा क्रँक, म्हणजे ज्याच्या टोकाला पेडल असतं तो दांडा, निघाला. आवाज एवढा झाला की आई स्वयंपाकघरातून धावत अंगणात आली. क्रँक शाबूत आहे, सायकलही शाबूत आहे. मध्ये काय काय झालं ते इथे लिहून ठेवतोय, कारण अडकलेल्या क्रँकपाशी हात टेकलेले साताऱ्यात मला तिघे तरी माहीत आहेत.

सायकल पोलादी फ्रेमची, सेकंडहँड घेतलेली माउंटन बाइक. दोन्ही क्रँकना जोडणारा चौकोनी टोकाचा एक्सल आणि त्यावर ॲल्युमिनियमचे १७० मिमीचे क्रँक. चार पावसाळे ती यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन आली आहे. पावसात त्या घाटात रस्त्यावरून लाल पाणी वाहतं, आणि पुढच्या चाकानं उडवलेलं सगळं पाणी थेट बी.बी.वर (बॉटम ब्रॅकेट, एक्सल ज्यात फिरतो त्या बेअरिंगवर) बसतं. यंदा श्रावणात डाव्या पायावर जोर आला की ‘कट्’ असा आवाज यायला लागला. पेडल बदललं, सीटपोस्टला ग्रीस लावलं, आवाज जागेवरच. शेवटी चेन उतरवून क्रँक हातानं फिरवला तेव्हा आतली खरखर बोटांना कळली. बी.बी. गेली होती. ती बदलायची म्हणजे आधी दोन्ही क्रँक निघायला हवेत.

एका दुकानात नेली. दहा मिनिटं खटपट करून त्यांनी सांगितलं, डावा कापून काढू, नवा घाला. मला ते पटलं नाही. सुटा डावा क्रँक त्याच मापाचा, उजव्याला शोभेल असा मिळणं अवघड असतं, आणि मुळात तो क्रँक चांगला होता. सायकल घरी आणली.

पहिला शनिवार. एक्सलच्या टोकाचा चौकोन निमुळता असतो, प्रत्येक बाजू साधारण २ अंशांनी कललेली. बोल्ट आवळत जाल तसा क्रँक पाचरीसारखा त्यावर चढत जातो. म्हणून बोल्ट काढला तरी तो जागचा हलत नाही, त्याला मागे ओढावं लागतं. त्यासाठी क्रँकच्या तोंडात २२ मिमी व्यासाचे आटे असतात. पुलरचा, म्हणजे क्रँक ओढून काढायच्या हत्याराचा, बाहेरचा भाग त्या आट्यांत बसतो आणि मधला दांडा एक्सलच्या तोंडाला टेकून ढकलतो. म्हणजे सगळा ताण येतो तो ॲल्युमिनियमच्या त्या आठ-नऊ आट्यांवर. पुलर पोलादी, आटे मऊ. हरणार कोण ते उघड आहे, म्हणून आधी त्या आट्यांची काळजी घ्यायची.

१४ च्या सॉकेटनं दोन्ही बोल्ट सुटले. उजव्या बोल्टाबरोबर वायसर बाहेर आली, डाव्याबरोबर आली नाही. टॉर्च मारून पाहिलं तर चिखलाच्या थराखाली ती क्रँकच्या तळाला चिकटून बसलेली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वायसर टेकलेली असते ती क्रँकवर. पुलरचा दांडा तिच्यावर दाबला गेला तर आपण क्रँकला क्रँकवरूनच ढकलत राहतो आणि आटे उपटून येतात. दाभणानं ती उचकून काढली. मग जुना दातांचा ब्रश आणि रॉकेल घेऊन आटे घासले, प्रत्येक फटीतून दाभणाचं टोक फिरवलं. पुलर नुसत्या हातानं किती वेढे आत जातो ते मोजा. डाव्यात आधी पाच वेढ्यांतच अडत होता, साफ केल्यावर आठ गेला. त्या तीन वेढ्यांसाठी पाऊण तास गेला आणि तो सार्थकी लागला.

उजवा अर्ध्या वेढ्यात सुटला. डाव्याला पाना जड, आणखी जड होत गेला आणि मग एकदम हलका झाला. क्रँक मात्र तिथेच. हा हलकेपणा हाताला जाणवला की तिथेच थांबायचं, आणखी पाव वेढासुद्धा द्यायचा नाही. पुलर उलटा फिरवून काढला तर ग्रीसमध्ये चांदीसारखी बारीक तार दिसली. बाहेरचे दोन आटे चपटे झाले होते, आतले सहा धड होते. त्या दिवशी मी हत्यारं आवरून ठेवली.

पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल सोडत होतो. त्यानं फारसं काही झालं नाही. लोखंडाच्या गंजात तेल झिरपतं. ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलीत एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियमची जी पांढरी भुकटी धरते, ती फट गच्च भरून टाकते. तेल आत शिरायला जागाच उरत नाही.

बोल्ट ढिला ठेवून सायकल चालवायची, क्रँक आपोआप सुटतो, असा एक सल्ला मिळाला होता. सुटतो हे खरं, पण सुटताना चौकोनाची भोकं गोल होतात. शिवाय यवतेश्वर उतरताना पायाखालचा क्रँक निघाला तर काय, हा विचारच पुरेसा होता.

दुसऱ्या रविवारी उष्णतेचा हिशेब मांडला. एका अंशाला ॲल्युमिनियम दर दहा लाख भागांत साधारण २३ भाग वाढतं, पोलाद १२. चौकोनाची रुंदी १३ मिमीच्या आसपास. उकळत्या पाण्यानं दोन्ही ७५ अंशांनी तापले तर भोक एक्सलपेक्षा मिलीमीटरच्या शंभराव्या भागाइतकं जास्त मोठं होतं. एवढ्यानं क्रँक गळून पडणार नाही, पण ती पांढरी भुकटी तडकायला तेवढी हालचाल पुरते. बर्नर लावला नाही. ॲल्युमिनियम जास्त तापलं की त्याची ताकद जाते, आणि क्रँकवर तर आपण उभे राहतो.

उरलेल्या सहा आट्यांवर पुन्हा भार टाकायचा नव्हता, म्हणून क्रँक मागून धरून ओढायचा ठरवला. ओळखीच्या रिक्षा गॅरेजमधून बेअरिंग काढायचा दोन जबड्यांचा पुलर आणला, त्यातल्या त्यात पातळ जबड्यांचा, कारण क्रँक आणि फ्रेममध्ये जागा कमी. अडचण एकच, त्याचा मधला स्क्रू टोकदार होता. तो सरळ एक्सलच्या बोल्टाच्या आट्यांत घुसला असता. जुन्या एमआयडीसीतल्या लेथवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी पोलादाची एक बुटकी गुल्ली करून दिली : ११ मिमीचं डोकं आणि खाली ६ मिमीचा दांडा. दांडा एक्सलच्या भोकात जातो, डोकं तोंडावर टेकतं, भोकातल्या आट्यांना धक्का लागत नाही. मामा म्हणाले, “जोर नको लावूस बाळा. ताण दे आणि चहा पिऊन ये.”

इथे जुन्या काळ्या सायकलवाल्यांसाठी दोन ओळी, कारण आमच्या तात्यांच्या सायकलचं हेच काम गेल्या वर्षी केलं होतं. तिथे चौकोन नसतो, कॉटर असतो, म्हणजे क्रँक एक्सलवर अडकवून ठेवणारी आडवी पीन. नट पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतका ठेवा म्हणजे आटे वाचतात, क्रँकखाली जाड लोखंडी पाईप उभा टेकवा, मग पिनेवर एकच भरभक्कम घाव. आधार नसेल तर सगळा मार आतल्या छऱ्यांवर जातो आणि कप फुटतात. टुकटुक दहा घाव घातले तर पीन वाकते, मग ड्रिलशिवाय गत नाही.

आता क्रँक निघाला तो रविवार. थंड पेयाच्या डब्याची पट्टी कापून जबड्यांखाली घातली म्हणजे क्रँकला ओरखडे पडत नाहीत. जबडे फाकू नयेत म्हणून तारेनं बांधले, आणि सुटून उडू नये म्हणून पूर्ण पुलर दोरीनं फ्रेमला बांधला. डोळ्यांवर चष्मा. स्क्रू हातानं घट्ट, मग पान्यानं ताण. क्रँकच्या डोक्यावर फडकं गुंडाळून केटलीभर उकळतं पाणी हळूहळू ओतलं, पाव वेढा दिला, क्रँकच्या डोक्यावर बाजूनं लाकडी ठोकळा ठेवून दोन ठोके मारले. काही नाही. मामांचं ऐकलं, चहा घेतला. दुसरी केटली, पाव वेढा. तिसरी. चौथ्या केटलीला मी पाना धरलेलाही नव्हता, पाणीच ओतत होतो, आणि बंदुकीसारखा आवाज होऊन क्रँक तीन-चार मिमी बाहेर आला. बाकीचा हातानं निघाला.

आत पाहिल्यावर कारण कळलं. भोकाच्या चारही बाजूंना पांढरी भुकटी, खालच्या बाजूला तांबूस गंज. उजव्या क्रँकच्या तोंडावर प्लॅस्टिकची टोपी होती, डाव्याची मी सायकल घेतली तेव्हापासून नव्हती. चार पावसाळे पाणी त्या उघड्या तोंडातून आत जात होतं. दोन्ही क्रँक एकाच वयाचे, एकाच घाटातले, फरक तेवढ्या टोपीचा.

जुनी बी.बी. काढताना लक्षात ठेवा : डावी बाजू नेहमीसारखी सुटते, उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, तिथला कप घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवून सुटतो. माझं शेल (फ्रेममधली बी.बी. बसते ती नळी) ६८ मिमीचं, नवी कार्ट्रिज (एक्सलसकट बंद बी.बी.) जुन्याच एक्सलच्या लांबीची, १२२.५ मिमी. लांबी बदलली की चेनलाइन, म्हणजे पुढच्या-मागच्या दातेरी चकत्यांमधली चेनची सरळ रेषा, बिघडते. शेलच्या आट्यांना भरपूर ग्रीस. क्रँकचे बोल्ट ४० न्यूटनमीटरला आवळले. टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना) नसेल तर पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १६ किलोचा जोर. पहिल्या फेरीनंतर एकदा तपासायचे, मग सोडून द्यायचे. दर आठवड्याला आवळत राहिलं तर क्रँक वर चढत जातो आणि शेवटी चिरतो.

काल सकाळी यवतेश्वरच्या देवळापर्यंत चढलो. घाटात फक्त टायरचा आवाज होता. दोन्ही तोंडांवर नव्या टोप्या आहेत. डाव्या क्रँकचे बाहेरचे दोन आटे चपटेच राहिलेत, त्यामुळे पुढच्या वेळीही त्याला जबड्यांचाच पुलर लावणार. मामांची गुल्ली ग्रीस लावून डब्यात ठेवली आहे. साताऱ्यात कुणाला लागली तर घेऊन जा, फक्त परत आणून द्या.