सीमुर्गाच्या घरट्यात: झालच्या चेहऱ्यापर्यंत

मी विणत असलेला रेशमी चित्र-गालिचा इराणच्या अल्बुर्झ डोंगराच्या खडकांवरून वर सरकत आता घरट्यापर्यंत आला आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते, प्रसंग फिरदौसी या कवीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यातला आहे. मूल पांढऱ्या केसांचं जन्मलं म्हणून सामने ते डोंगरात टाकून दिलं आणि सीमुर्ग पक्ष्याने ते आपल्या पिल्लांसोबत वाढवलं. तोच झाल, महाकाव्यातला वीर रुस्तम याचा बाप.

माप 35 × 49 सेंटीमीटर, वीण 50 रज. तब्रीझ या इराणी शहरातल्या विणकरांच्या हिशेबात रज म्हणजे साधारण 7 सेंटीमीटरमध्ये बसणाऱ्या गाठी. त्यामुळे आडव्या 250, उभ्या 350, एकूण 87,500. (70 रजला गेलात तर एका चौरस मीटरमध्ये 10 लाख होतात!) चित्रात माणसाचा चेहरा असेल तर 50च्या खाली जाऊ नका, असं माझं ठाम मत आहे. झालचा चेहरा 3 सेंटीमीटर उंच, म्हणजे जेमतेम 21 ओळी. डोळ्याला रुंदीत पाच गाठी मिळतात, पापणीला एकच ओळ. भुवईत एक गडद गाठ जास्त पडली की मूल रागावलेलं दिसतं. म्हणूनच सामचा लवाजमा मी नकाशातून (ज्यावरून गाठी मोजते त्या आराखड्यातून) काढून टाकला. इतक्या मापात ते चेहरे नुसते ठिपके झाले असते. रेखा काळ्याऐवजी गडद तपकिरी ठेवल्या आहेत, काळी रेघ रेशमात फार टोचते.

खरा विचार करावा लागला तो केसांचा. गाठ मारून धागा खाली ओढला जातो, त्यामुळे लव, म्हणजे गाठींची वर उभी राहणारी टोकं, विणायला सुरुवात केली त्या कडेकडे झुकते. टोकं आपल्याकडे वळलेली असली की रंग गडद दिसतो, उलट बाजूने पाहिलं की तोच रंग उजळतो. लोकरीत हा फरक खपून जातो, रेशमात सगळं चित्रच बदलतं. त्यामुळे केसांतल्या बटा नुसत्या चमकेवर सोडून चालत नाही. डिंक काढलेलं न रंगवलेलं रेशीम, डाळिंबाच्या सालीचा अगदी फिका हात दिलेलं आणि निळीच्या शेवटच्या पाण्यात बुडवलेलं, अशा तीन पांढऱ्या छटा घेतल्या. आधी वेगळी पट्टी विणून ती खिडकीत चारही बाजूंनी फिरवून पाहिली. तिन्ही छटा कुठूनही वेगळ्या ओळखू येतात. केसांमागचा खडक गर्द निळा ठेवलाय, पांढरं त्यावर छान उठतं.

खडक मात्र मजेत झाले. इराणचा राजा शाह तहमास्प याच्या शाहनाम्याच्या सचित्र हस्तलिखितात, सोळाव्या शतकातल्या त्या तब्रीझी चित्रांत, डोंगर गुलाबी, जांभळे, फिरोजी असतात. तुरटी लावून मंजिष्ठेच्या पाण्यात एकामागून एक लडी बुडवत गेलं की गुलाबीच्या उतरत्या छटा आपोआप मिळतात.

रेशमी ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) विणणाऱ्यांसाठी एक गोष्ट: प्रत्येक ओळीनंतर बाण्याचे (आडवे) दोन धागे घालते, पहिला ताठ, दुसरा सैल. ताठ धाग्यामुळे ताण्याचा एकाआड एक धागा मागे दबतो आणि गाठी दाटीने बसतात. रेशीम निसरडं असल्याने फणीचे ठोके हलके पण जास्त द्यावे लागतात.

आता सीमुर्गाची शेपटी. मंगोल काळानंतर इराणी चित्रांत या पक्ष्याला चिनी फिनिक्सची लांब, ज्वाळांसारखी शेपटी मिळाली. ती आकाशात वळवायची तर प्रत्येक पिसाच्या कडेला गाठी पायऱ्यांनी चढवाव्या लागणार. पहिल्या दोन पिसांचा नकाशा चौकटीच्या कागदावर रंगवून झालाय. उरलेली शेपटी रंगवेपर्यंत माग घरट्याच्या काठावरच थांबवला आहे.